खोडदचा शेजार

जुलै 2025 मध्ये चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला एक धूमकेतू दिसला आणि बघता बघता बातम्यांतून त्याचं परग्रहवासीयांचं यान झालं. जानेवारी 2023 मध्येही हेच घडलं होतं. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या खगोलशास्त्रज्ञांनी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून, म्हणजे जीएमआरटीतून, एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरीची खूण शोधली. 21 सेंटिमीटरची ती लहर 8.8 अब्ज वर्षांच्या प्रवासात ताणली जाऊन 48 सेंटिमीटरची झाली होती. मथळे मात्र परग्रहावरून आलेल्या निरोपाचे!

वर्षभर सलत राहिली ती हीच गोष्ट. यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ आहे, आणि खोडद हा आपल्या पिंपळे सौदागरचा शेजारच. नाशिक फाट्यावरून निघावं, चाकण, मंचर मागे टाकावं, की नारायणगाव येतं. तिथून आत गेलं की 45 मीटर व्यासाच्या त्या थाळ्या दिसू लागतात. एकूण 30. त्यांतल्या 14 जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. थाळी भरीव नाही. पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी ताणलेली आहे. वारा आरपार जातो, म्हणून एवढा हलका सांगाडा टिकतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. ही युक्ती गोविंद स्वरूप यांची.

जागाही त्यांनी विचारपूर्वक निवडली: डोंगरांच्या आडोशाला, शहराच्या रेडिओ गोंगाटापासून लांब. हा गोंगाट काय करतो, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. 2019 साली पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने 982 मेगाहर्ट्‌झचा एक बारीक संकेत मिळाला. तपासणी चालली, आणि 2021 मध्ये शास्त्रज्ञांनीच जाहीर केलं की तो माणसाच्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा होता. ओहायोत 1977 साली मिळालेला 72 सेकंदांचा ‘वॉव’ संकेत तर पुन्हा कधी आलाच नाही.

असा गोंगाट टाळायचा, म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या दुर्बिणीसाठी बदलण्याचा निर्णय योग्य आहे. विजेच्या गाडीच्या तारेवर उडणारी ठिणगीसुद्धा रेडिओ लहरी सोडते. चाकणच्या कामगाराला रेल्वे हवी, ती मिळायलाच हवी. पण रूळ वळवता येतात, ही दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ‘दुर्बिणीने विकास अडवला’ म्हणणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

त्या मथळ्यांचा विचार करताना जयंत नारळीकर आठवतात; 20 मे 2025 रोजी ते गेले. ‘यक्षांची देणगी’ लिहिणाऱ्या या शास्त्रज्ञाने फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेत सूक्ष्मजीव शोधले. कल्पनेला मोकळं सोडायचं आणि पुराव्याला मात्र घट्ट धरायचं, ही सवय त्यांनी मराठी वाचकाला लावली. मथळे लिहिणाऱ्यांनी ती मोडू नये.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. वाचकहो, या वेळी तुमच्या सोसायटीतली मुलंही घेऊन जा. दुर्बिणीजवळ पोहोचण्याआधी मोबाइल बंद करा.