रायगडच्या पायथ्याची मोजदाद

एखादी कंपनी नवे कार्यालय थाटायला निघाली की तिच्या टेबलावर आधी आकडे येतात. आसपास माणसे किती, त्यातली शिकलेली किती, घरभाडे काय पडते, वीज किती वेळ जाते, एसटी आणि रेल्वे कुठे थांबते. पनवेलचे, ठाण्याचे, हिंजवडीचे हे आकडे मागताक्षणी मिळतात. पाचाडचे मागून पाहा. जिजाऊसाहेबांचा वाडा आणि समाधी, तक्क्याची विहीर, हिरकणीवाडीचा रोपवे, गडावर जाणाऱ्यांची गर्दी, एवढीच माहिती हाती येते. पंचक्रोशीत बारावी झालेल्या मुली किती, पदवीधर सुना किती, टॅली येणारे किती, मुंबईहून परत यायला तयार असलेले किती, याचे उत्तर ना ग्रामपंचायतीकडे आहे, ना तहसील कचेरीत. महाड आणि पोलादपूर तालुके मागे राहिले त्याला डोंगर, पाऊस, रस्ते अशी कारणे आहेतच. पण आपल्या माणसांची मोजदाद नसणे हेही एक कारण आहे आणि ते दूर करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

ठिकाणाची निवड हा विषय या मातीला नवा नाही. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी घेतली आणि पुढे शिवाजी महाराजांनी राजगडावरची राजधानी इथे आणली, त्यामागे चोख हिशोब होता. कडे दुर्गम होतेच. शिवाय खाली सावित्रीकाठचे महाड बंदर होते, तिथून बाणकोटच्या खाडीने समुद्र गाठता येत होता आणि पाठीशी देशावर चढणारे घाट होते. अष्टप्रधानांचा कारभार वर चालला, त्याला लागणारी रसद आणि माणसे पायथ्याने पुरवली. गडावरचा गार वारा उतारवयात मानवेना म्हणून जिजाऊंसाठी वाडा बांधला तो पाचाडला, आणि राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, 17 जून 1674 रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या गावाच्या आधारावर राजधानीचे कार्यालय चालले, ते गाव आज कोणत्याही कंपनीच्या यादीतसुद्धा येत नाही.

यादीत का येत नाही, याचे पहिले उत्तर जिल्ह्याच्या सरासरीत आहे. गुंतवणूकदाराला हाताशी मिळतात ते रायगड जिल्ह्याचे आकडे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 26 लाख 34 हजार, साक्षरता 83 टक्क्यांच्या आसपास आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 959. त्यातले साडेसात लाख लोक एकट्या पनवेल तालुक्यातले. उरणचे बंदर, पनवेल-खारघरच्या वसाहती, नागोठणे-रोह्याचे कारखाने यांच्या जोरावर जिल्हा श्रीमंत आणि शहरी दिसतो. महाड तालुक्यात तेव्हा सुमारे 1 लाख 80 हजार आणि पोलादपुरात सुमारे 45 हजार माणसे मोजली गेली, आणि दोन्ही ठिकाणी हा आकडा 2001 च्या तुलनेत घटलेला होता. जिल्हा दहा वर्षांत 19 टक्क्यांनी वाढला, त्याच काळात दक्षिणेचे हे दोन तालुके आटले. स्त्री-पुरुष प्रमाणाचेही तसेच. जिल्ह्यात पुरुष जास्त, तर महाड-पोलादपुरात स्त्रिया जास्त. उत्तरेला कामासाठी बाहेरून पुरुष येतात, दक्षिणेतून पुरुष बाहेर जातात. दोन्ही टोकांची बेरीज करून काढलेली सरासरी कुठल्याच टोकाला लागू पडत नाही. पाचाडचे अर्थकारण समजून घ्यायला अलिबागपेक्षा रत्नागिरीकडे पाहावे लागते. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे असेच घटले होते.

हे आकडेही आता शिळे झाले. 2021 ची जनगणना झालीच नाही. ती आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून होणार आहे. सहावी आर्थिक गणना 2013 मधली. सातवीचे काम 2019 मध्ये सुरू झाले, पण तिचे निष्कर्ष लोकांपुढे आले नाहीत. मधल्या काळात कोविडने गावे एकदा भरली आणि पुन्हा रिकामी केली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. गडाखालच्या वाड्यांत घरगुती निवास आणि खानावळी वाढल्या. यातले काहीही सरकारी तक्त्यात नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते, ते उपयोगाचे आहे. पण कार्यालय थाटणाऱ्याला तालुका नको असतो, त्याला दहा-पंधरा किलोमीटरच्या घेरातली गावे हवी असतात.

महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, उद्योग तर आलेच आहेत. आले, हे खरे. 1980 च्या दशकापासून बिरवाडीच्या माळावर रसायनांचे आणि औषधांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी हजारो घरांत चूल पेटती ठेवली. पण कारखाना आणि कार्यालय यांत फरक आहे. लक्ष्मी ऑरगॅनिक आणि विनती ऑरगॅनिक्स या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा नोंदणीकृत पत्ता महाडच्या औद्योगिक वसाहतीतला आहे; त्यांची कॉर्पोरेट कार्यालये मात्र मुंबईत आहेत. यात बेकायदा काही नाही, देशभर हीच रीत आहे. मुद्दा एवढाच की पाणी, जमीन आणि अंगमेहनत महाडने दिली, तर हिशोब, खरेदी, विक्री, मनुष्यबळ, कायदा ही टेबलावरची कामे 170 किलोमीटर दूर गेली. सावित्रीच्या पाण्याचे काय झाले ते काठावरच्या कोळ्यांना विचारा. 3 नोव्हेंबर 2023 ला वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन 11 कामगार गेले, तो घाव अजून ओला आहे. जोखीम इथे आणि टेबल तिथे, ही वाटणी बदलायला हवी. वसाहतीतल्या प्रत्येक भूखंडाचे चौरस मीटर औद्योगिक महामंडळाला तोंडपाठ आहेत. त्या भूखंडांपासून तासाभराच्या अंतरावर किती वाणिज्य पदवीधर घरी बसले आहेत, हे कुणी मोजलेले नाही.

घरी बसलेले म्हणतो तेव्हा त्यात मुख्यतः बायका येतात. पाचाडच्या रस्त्यावरच्या कुठल्याही खानावळीत सुट्टीच्या दिवशी दुपारी तीननंतर, झुणका-भाकरीची गर्दी ओसरल्यावर, गल्ल्यावर बसलेली घरची सून पाहावी. क्यूआर कोडवर आलेले पैसे ती मोबाइलवर बघून वहीत एका रकान्यात लिहिते, रोख दुसऱ्यात. पीठ, कांदे, सिलिंडर, भाकऱ्या थापायला घेतलेल्या दोघींची मजुरी वजा करते, रोपवेने येणाऱ्या सहलीसाठी उद्या किती ताटे लागतील याचा अंदाज बांधते आणि शाळेच्या बसचे बुकिंग फोनवर नक्की करते. शहरात या कामाला अकाउंट्स आणि ऑपरेशन्स म्हणतात आणि त्याचा महिन्याला पगार देतात. इथे हंगाम संपला की वही बंद होते. 6 जूनचा राज्याभिषेक दिन, तिथीचा सोहळा, हनुमान जयंतीची शिवपुण्यतिथी, दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार यांवर पाचाडचे वर्ष उभे आहे. पावसाळ्यात भाताची लावणी, मग कापणी. त्यानंतर घरातला कर्ता माणूस मुंबईला. हे चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या आधी गिरण्यांत, मग गोदीत, आता सुरक्षारक्षक, चालक, कुरिअरवाले म्हणून खपले. त्यांच्या पैशावर गावची घरे सिमेंटची झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. कोकणी मुसलमान कुटुंबांनी आखाताची वाट धरली. ज्या घरात नवरा बाहेर आणि बायको शिकलेली, त्या घरात एका कार्यालयीन कर्मचाऱ्याची जागा रिकामी आहे, असा हा भाग वाचला पाहिजे. कार्यालयासाठी ठिकाण शोधणाऱ्याला इथे जमिनीपेक्षा या बायकांच्या संख्येत रस असायला हवा. शहरी कार्यालयांत माणसे दर वर्षा-दोन वर्षांनी नोकरी बदलतात. इथे नोकरी मिळालेली बाई सासर सोडून जाणार नाही.

तरुण अभियंत्यांची गोष्ट वेगळी नाही. महाडच्या उत्तरेला महामार्गालगत लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. राज्यभरातली मुले तिथे शिकतात. पदवी हाती पडली की पुणे, मुंबई, बंगळूर. ज्याच्या नावाने विद्यापीठ आहे त्या महापुरुषाने 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसाच्या हक्काची लढाई उभी केली. त्या महाडच्या पोरांना पोटासाठी महाड सोडावे लागते.

आता अडचणी. त्या लपवून कार्यालय आणणे म्हणजे उद्याच्या दुर्घटनेची तयारी करणे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही पोलादपूरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बससह वाहून गेला. ऑगस्ट 2020 मध्ये महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत कोसळून 16 जण गेले. जुलै 2021 मध्ये तळियेत 80 हून अधिक माणसे दरडीखाली गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तीच वेळ आली आणि महाडची बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होती. महामार्गाचे चौपदरीकरण सुरू होऊन एका तपाहून अधिक काळ लोटला. कशेडीच्या जोडबोगद्याने खेड जवळ आले. सावित्रीवरचा नवा पूल जून 2017 मध्ये, वर्षही न उलटता उभा राहिला. म्हणजे मनावर घेतले तर कामे होतात. वरंध घाट मात्र पावसात भरवशाचा नाही, आणि कोकण रेल्वे 1993 मध्ये वीरपर्यंत आली तरी वीरहून पाचाडला पोचायला आजही स्वतःची गाडी असलेली बरी. हे सगळे कंपनीला आधी सांगावे. कोणती जागा पूररेषेबाहेर आहे, कोणता उतार भूवैज्ञानिकांनी धोक्याचा ठरवला, कोणता रस्ता पावसात बंद पडतो, पर्यायी वाट कोणती. जो हे लिहून देईल त्याच्यावर विश्वास बसेल.

खेड्यात कार्यालय चालत नाही, हा समज तमिळनाडूने केव्हाच खोडून काढला आहे. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने 2011 मध्ये तेनकाशीजवळच्या मथलंपराई या खेड्यात कार्यालय सुरू केले. पश्चिम घाटाच्या पायथ्याचे ते गाव, आपल्यासारखेच. आसपासची मुले हेरून, त्यांना शिकवून कामाला लावले आणि ते कार्यालय वाढत गेले. पाचाडला लगेच सॉफ्टवेअर बनेल असा आमचा दावा नाही. पण कारखान्यांचे हिशोब, विमा आणि बँकांची कागदपत्रे तपासणे, मराठीतून ग्राहकांना उत्तरे देणे, पर्यटनाचे बुकिंग, नोंदींचे डिजिटायझेशन ही कामे नातेखिंडीपासून पाचाडपर्यंतच्या पट्ट्यात आज करता येतील. 11 जुलै 2025 ला रायगडासह मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. गडाच्या संवर्धनासाठी रायगड विकास प्राधिकरण आहे, सहाशे कोटींचा आराखडा आहे. या सगळ्याचा कारभार चालवणारी टेबले गडाखाली असावीत, हे मागणे फार मोठे नाही. उत्तरेला माणगाव पट्ट्यात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. तिथे येणाऱ्या कंपन्या माणसे शोधत फिरतील तेव्हा महाड-पोलादपूरची यादी तयार नसेल, तर माणसे बाहेरून येतील आणि आपली मुले पुन्हा मुंबईच्या गाडीत बसतील.

महाड-पाचाड रस्त्यावरच्या नाते गावी 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मग देशाचे अर्थमंत्री. अनेक वर्षे ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षही होते. राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 मध्ये सुरू झाली आणि तिने मूळ धरले ते त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या वर्षांत. देशाने आपली गरिबी आणि रोजगार मोजायला शिकावे म्हणून झटलेल्या माणसाच्या जन्मगावाचा रोजगार मोजलेला नसावा, याची आम्हाला खंत वाटते.

काम अवघड नाही आणि खर्चाचेही नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने घरनिहाय चार गोष्टी नोंदवाव्यात: शिक्षण, येणारे काम, आज काय करतो किंवा करते, आणि गावात पगाराची नोकरी मिळाली तर राहणार का. कुणाचे नाव बाहेर देऊ नये. गावाचे एकत्रित आकडे तेवढे द्यावेत. तहसीलदारांनी त्याला रस्ते, वीज, नेटवर्क, पूररेषा आणि दरडीची माहिती जोडावी. जिल्हा उद्योग केंद्राने ते पाचाड-महाड-पोलादपूर पट्ट्याचे पत्रक म्हणून दरवर्षी काढावे आणि वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याच्या मुंबई कार्यालयात पोचवावे. पोलादपूरच्या ग्रामस्थ मंडळांनी मुंबईतल्या आपल्या सभासदांची नोंद करावी. परत यायला कोण तयार आहे हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. आमदार-खासदारांनी नव्या भूखंडांऐवजी एकदा कार्यालयांची मागणी विधानसभेत आणि लोकसभेत करून पाहावी.

मे महिन्यात चाकरमानी गावात असतो, घरे भरलेली असतात आणि 1 मेला ग्रामसभा असते. नोंदणीला त्याहून चांगला दिवस मिळणार नाही. सरपंचांनी येत्या 1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्यावा, आणि मुंबईहून आलेल्या प्रत्येकाने त्या सभेला बसावे.