आपल्या दावणीच्या गायीचे कूळ



गाय कृत्रिम रेतनाला आणली की नोंदवहीत 'जात' असा एक रकाना भरायचा असतो. तिथे फार वेळा 'गावठी' एवढेच लिहून आपण मोकळे होतो. पण पुढची रेतमात्रा कोणत्या वळूची हवी, हे त्याच रकान्यावर ठरायला हवे. म्हणून आज गायीच्या कुळाविषयी थोडे.

वशिंडाची गाय असो वा बिनवशिंडाची, दोन्हींचा पूर्वज एकच, रानबैल. शास्त्रज्ञ त्याला ऑरॉक्स म्हणतात. आज तो जगात कुठेच नाही. शेवटची रानगाय १६२७ साली पोलंडमधल्या एका जंगलात मेली. या रानबैलाला माणसाने माणसाळवले ते दोन वेगळ्या ठिकाणी. सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या वरच्या खोऱ्यात. होल्स्टीन आणि जर्सी त्या वंशातल्या. आणि सुमारे ८,००० वर्षांपूर्वी सिंधूच्या बाजूला. आपल्या वशिंडाच्या गायी या वंशातल्या. बलुचिस्तानात मेहेरगड येथे १९७४ पासून उत्खनन झाले. तिथे खालच्या थरांत शिकारीच्या जनावरांची हाडे जास्त. वर यावे तशी गुरांची हाडे वाढतात आणि आकाराने लहान होत जातात. रानटी जनावर माणसाच्या दावणीला आल्याची ही जुनी खूण.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली दोघींना वेगळी नावे दिली: बिनवशिंडाची बॉस टॉरस, वशिंडाची बॉस इंडिकस. माणसाळण्याच्या लाखो वर्षे आधीच रानबैलांच्या या दोन शाखा फुटल्या होत्या. तरी दोघींची गुणसूत्रे ६०च, आणि संकर वासरू पुढे गाभण राहते, फळते. म्हैस मात्र निराळी. तिची गुणसूत्रे ५०, गायीशी तिचा संकर होत नाही. आणि राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला 'गवा रेडा'? नाव रेड्याचे, पण तो रेडा नव्हेच. तो गायीच्या गणातला, आपल्या बैलाचा चुलतभाऊ.

आता आपल्या जातींकडे या. जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी भारत-पाकिस्तानातल्या गुरांचे गट पाडले, ते मुख्यतः शिंगे, कपाळ आणि बांधा पाहून. आपला खिल्लार म्हैसूर गटात, हल्लीकर-अमृतमहालच्या पंगतीत: लांब, मागे वळलेली टोकदार शिंगे, चपळ चाल. देवणी आणि डांगी गीरच्या गटात. गवळाऊ ओंगोलच्या शेजारी. म्हणजे खिल्लार आणि देवणी एकाच राज्यातल्या असल्या तरी एका घरच्या नव्हेत. कामाच्या गायीला दुधाच्या मापाने मोजू नये, असे मी मेळाव्यात सांगतो, तेव्हा काही जण नाराज होतात. होऊ देत.

घरच्या खिल्लार गायीला जर्सीची रेतमात्रा दिली, तर पहिल्या पिढीत निम्मे रक्त परदेशी येते. दूध वाढते, पण गोऱ्ह्याचे वशिंड बसते, आणि उन्हात औताला तो आईच्या वंशासारखा टिकत नाही. बैल हवा असेल त्याने खिल्लार वळूच मागावा. दूध हवे आणि चारापाणी पुरेसे असेल, त्याने संकर खुशाल करावा, पण पुढच्या पिढीलाही पुन्हा जर्सीच दिली तर परदेशी रक्त ७५ टक्क्यांवर जाते, आणि ऊन व गोचीड सोसण्याची ताकद कमी होते.

खरोखरच मिश्र गावठी गाय असेल तर तीही वाया गेलेली नाही. तिला आणि तिच्या कालवडींना दर पिढीला एकाच देशी जातीचा, पण नात्यात नसलेला वळू दिला, तर त्या जातीचे रक्त पहिल्या पिढीत निम्मे, दुसरीत पाऊण, तिसरीत सात अष्टमांश आणि चौथीत पंधरा सोळांश होते. यासाठी वळूची जात आणि नंबर दर वेळी लिहून ठेवावा लागतो. गायीच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतोच. त्याच्यापुढे रेतनाची तारीख, वळूचा नंबर आणि वासराचा रंग, एवढे घरच्या वहीत लिहा. वही घरातल्या शाळकरी मुलीकडे द्या. माझ्या पाहण्यात सर्वांत नीट वह्या त्यांच्याच असतात.