बिझनेस क्लासचं तिकीट म्हणजे औषध नव्हे

साकुरा बघायला जपानला निघालात, आणि मुलांनी हट्टानं बिझनेस क्लासचं तिकीट काढून दिलं. "डॉक्टर, आता पायात गुठळी व्हायची भीती नाही ना?" हा प्रश्न मला हल्ली बरेचदा विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर आरामासाठी हे तिकीट जरूर घ्या, पण आजार टाळण्यासाठी म्हणून ठेव मोडू नका.

लांबच्या प्रवासात पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. तिला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात, पण हे नाव फसवं आहे. खरं कारण आहे तासन्‌तास न हलणं. पोटरीचे स्नायू हलले की रक्त हृदयाकडे ढकललं जातं. महागड्या सीटवर गाढ झोपलात तरी ते स्नायू थांबलेलेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं, की चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. रेल्वे, बस आणि मोटारीतसुद्धा. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच आहे. म्हणून घाबरू नका. तासा-दोन तासांनी उठून फेरी मारा, बसल्या जागी पावलं वर-खाली करा, पाणी प्या. झोपेची गोळी आणि दारू एकत्र तर नकोच. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. मनानं ॲस्पिरिन घेऊ नका.

तिकिटाआधी पैसे विम्यावर खर्च करा. जपानचा सरकारी आरोग्य विमा पर्यटकांना मिळत नाही. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका; लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो.

औषधांचंही बघा. जपानचे नियम कडक आहेत. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं तिथे नेता येत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एक महिन्याहून जास्त लागणार असतील, तर आधी परवानगी काढावी लागते. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेतच ठेवा. इन्सुलिन तर सामानात टाकूच नका. ते गोठलं तर निकामी होतं.

एवढं झालं की मग सीट कुठलीही निवडा. फक्त शक्यतो खिडकीची नको, म्हणजे उठायला संकोच वाटणार नाही.