झांकलेलें दुखणें

सैन्यांतील गृहस्थाचें बिऱ्हाड म्हणजे पाठीवरचें बिऱ्हाड. दोन-तीन वर्षें एका ठाण्यांत संसार मांडावा, तोंच बदलीचा हुकूम यावा. आणि तो हुकूम आघाडीच्या मुलखाचा असला, तर पत्नीनें मुलेंबाळें घेऊन बहुधा सासरीं किंवा माहेरीं यावें. अशा गृहिणीच्या धैर्याची स्तुति आपण नेहमीं करतों. परंतु तिच्या देहाला जन्माचें दुखणें जडलें असलें, तर तें कोणीं व कसें सांभाळावयाचें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. आज त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि लिहितांना माझी स्वतःची एक चूकहि कबूल करावयाची आहे.

माझी एक भाची लष्करी अधिकाऱ्याला दिलेली आहे. लग्नानंतर दोन वर्षांनीं, जबलपूरच्या ठाण्यांत असतांना, तिला मधुमेह जडला. उतारवयांत सामान्यतः होतो तो हा प्रकार नव्हे. यांत शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वादुपिंडांतील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन हातीं आणलें, त्यापूर्वीं अशा रोग्याच्या दीर्घायुष्याची आशाच नसे. आतां तो सुखानें संसार करूं शकतो. मात्र इन्सुलिन टोचून घेणें त्याला एक दिवसहि सोडतां येत नाहीं.

पतीची बदली सरहद्दीवर झाली व भाची सासरीं आली. सासरची माणसें मायाळू आहेत. तरी ‘उगीच बभ्रा नको’ म्हणून तिनें ‘थोडी साखर आहे’ एवढेंच सांगितलें, आणि टोचणी दार लावून घेऊन चालविली. पुढें संकष्टी आली. सासूबाईंबरोबर तिनेंहि उपास धरला. सकाळीं इन्सुलिन मात्र नेहमींच्या पूर्ण मात्रेनें घेतलें. दुपारीं हात कांपूं लागले, दरदरून घाम फुटला, बोलणें असंबद्ध झालें. ‘उपासाची ग्लानि आहे, पडून राहा,’ असें सासूबाई म्हणाल्या. त्यांचा काय दोष? त्याच वेळीं साखरेचें पाणी दिलें असतें तर पुढचा प्रसंग टळता, हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. तिची शुद्ध हरपली. दवाखान्यांत शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावर ती सावध झाली.

त्या रात्रीं आम्ही वडील मंडळी विचारास बसलों. ‘तो तिकडे बर्फांत पहाऱ्यावर; त्याच्या जिवाला घोर कशाला?’ असें ठरलें. हा सल्ला देणारांत मीच पुढें होतों. रविवारीं त्याचा फोन आला, तेव्हां सर्वांनीं ‘सर्व क्षेम आहे’ म्हणून सांगितलें, भाचीनेंहि सांगितलें.

दीड महिन्यानें तो रजेवर आला आणि दवाखान्याचा कागद त्याच्या हातीं लागला. तो रागावला नाहीं. मला एवढेंच म्हणाला, “मामा, चौकीवर खोटी खबर देणाऱ्याला आम्ही क्षमा करीत नाहीं. यापुढें तुम्ही ‘सर्व क्षेम’ म्हणालांत, तर मीं तें खरें कसें मानावें?” पस्तीस वर्षें मुलांना प्रश्न घालणाऱ्या मजजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हतें.

त्याच रजेंत त्या उभयतांनीं जी व्यवस्था लावली, ती इतरांसहि उपयोगी पडेल. स्वयंपाकघरांत एक कागद लाविला: हात कांपले, घाम फुटला, तर तीन लहान चमचे, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम, साखर पाण्यांतून द्यावी, १५ मिनिटांनीं रक्त तपासावें, साखर ७० च्या खालींच असली तर पुन्हा द्यावी. शुद्ध नसल्यास तोंडांत कांहींहि घालूं नये, तडक दवाखाना गांठावा. ताप आला, अन्न जाईनासें झालें, तरी इन्सुलिन मनानें बंद करूं नये, वैद्यास विचारावें. उपासाचेंहि तेंच. न उघडलेलें इन्सुलिन २ ते ८ अंश उष्णमानांत ठेवावें; गोठलेलें इन्सुलिन वितळलें तरी निरुपयोगी समजावें. लडाखच्या थंडींत व राजस्थानच्या उन्हांत बदली होणारांनीं हें विशेष ध्यानांत धरावें, आणि प्रवासांत तें अवजड सामानांत न टाकतां हाताशीं बाळगावें.

कागदपत्रांचीहि हेळसांड नको. पत्नीचें नांव पतीच्या लष्करी दप्तरांत नोंदलेलें असलें, म्हणजे लष्करी रुग्णालयांत तिला उपचार मिळतात. पुण्यास वानवडीचें कमांड हॉस्पिटल आहे. प्रत्येक बदलीबरोबर डॉक्टर बदलतो. म्हणून औषधांची यादी व रक्ताचे अहवाल यांची एक वही रोग्याच्या स्वतःच्या हातीं असावी. निवृत्तीनंतर २००३ सालीं सुरू झालेली माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. तिचें सभासदत्व वेळींच घ्यावें.

परंतु या सर्वांहून मोठा नियम त्यांनीं फोनविषयीं केला. रविवारीं प्रथम आठवड्याचे साखरेचे आंकडे सांगावयाचे, जसे असतील तसे. मग इतर गोष्टी. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारांत खरी असेल. दुखण्याची मूठ झांकली, म्हणजे मदतीचा हातच बाहेर राहतो. सत्य कळल्यानें दूरच्या माणसाला चिंता लागते खरी. पण संशयापेक्षां ती पुष्कळ बरी. नियम झाल्यापासून आपल्याला झोंप शांत लागते, असें त्यानेंच कळविलें आहे.

परवांच्या संकष्टीला सासूबाईंनीं सूनबाईला स्वतः पानावर बसविलें. ती संकोचली, तेव्हां त्या म्हणाल्या, “तूं जेव. उपास मी दोघींचा करतें.”