गांधीलमाशीवर पलिता नको

घाटकोपर-मुलुंडच्या टेकडीवरील वस्त्यांत पत्र्याखाली गांधीलमाशीचं पोळं दिसलं की कुणीतरी पलिता पेटवतो. दाट वस्तीत एक ठिणगी अख्खी गल्ली जाळेल. शिवाय तिची नांगी मधमाशीसारखी तुटत नाही. चवताळली की पुन्हा पुन्हा डसते. इमारतवाले पेस्ट कंट्रोलला पैसे देतात. आपण सह्या करून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा, हा आपला हक्क आहे. भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण सहसा डसत नाही. तिला राहू द्या.

डंख साबणाने धुवा, बर्फ लावा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली तर अंगारा-मंत्रात वेळ घालवू नका. लगेच १०८ लावा, राजावाडीसारखं रुग्णालय गाठा. तिथलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. तथागतांनी कारण शोधायला शिकवलं, आपण तेच करू. जय भीम!