पेंढा, राब आणि इंधन

उन्हाळा सरत आला की ठाणे जिल्ह्यातील शेतकरी राब भाजतो. शेणखत, पालापाचोळा आणि डहाळ्या थरांनी रचून तो रोपाच्या जमिनीवर पेटवितो. तणाचे बी मरते, राख खताच्या कामी येते. परंतु उष्णता सारी आकाशात जाते. हाच पालापाचोळा हवा कोंडून तापविला, तर त्याचा कोळसा होतो व तो चुलीत जळतो. शास्त्र इतके साधे आहे.

त्याची पुढची पायरीही देशाने गाठली आहे. पेंढ्यातील सेल्युलोज लिग्निनने जखडलेले असते. उष्णता, वाफ व सौम्य आम्ल यांच्या पूर्वसंस्काराने ही पकड ढिली केली, की विकरे त्या सेल्युलोजची साखर करतात आणि यीस्टच्या क्रियेने साखरेचे इथेनॉल होते. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर उभा राहिलेला पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाला. वर्षास सुमारे २ लाख टन भातपेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढावयाचे, अशी त्याची योजना. हरियाणाच्या विस्तीर्ण शेतांस ती शोभून दिसते.

पण भातसेच्या काठी वसलेल्या खडवलीचे काय? तेथील खाचरे लहान. पेंढा वजनाला हलका व जागा अडविणारा; तो दूरच्या कारखान्यास पोहोचविताना त्याचे मोल वाहतुकीतच संपावयाचे. शिवाय येथे पेंढा ही गुरांची वैरण आहे. गोठ्यातला घास काढून मोटारीच्या टाकीत घालणे, यास आम्ही प्रगती म्हणणार नाही.

यावरील वाट महाराष्ट्रातच सापडली आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून शेतावरच कोळसा करणारी भट्टी सिद्ध केली आणि २००२ साली त्या कार्यास अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला. कच्चा माल भट्टीकडे वाहून नेण्यापेक्षा भट्टीच मालाकडे न्यावी, हे तिचे मर्म होय.

जिल्हा परिषदेने व कृषी खात्याने खडवलीसारख्या गावी अशी एक भट्टी महिला बचतगटाच्या हाती देऊन हंगामभर चालवून पाहावी, अशी आमची सूचना आहे. वैरण वगळून जे उरेल, पावसाने नासेल, तेवढेच वाळवून तीत घालावे. तिच्यासाठी एकही झाड तुटता कामा नये. जमिनीच्या खताचा वाटाही आधी बाजूस काढावा. इंधनाची चिंता साऱ्या देशाची आहे, हे खरे. परंतु ज्याच्या शेतात हे इंधन पिकते, त्याच्या घरी त्याचे चार पैसे पोहोचले पाहिजेत. तेवढे साधले नाही, तर शास्त्र कितीही पुढे गेले तरी शेतावरचा धूर तसाच राहील.