गिरणगावातली घरं गेली कुठे?

मुंबईत मराठी माणसाला घर परवडत नाही, हे खरंच आहे. पण त्याचं खापर परप्रांतीयांवर फोडणं आकड्यांत बसत नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर जिल्ह्यात 2001 साली 33 लाख 38 हजार लोक राहत होते; 2011 च्या जनगणनेत ते 30 लाख 85 हजारांवर आले. माणसं अडीच लाखांनी घटली आणि लालबाग-परळमधली घरं मात्र महागतच गेली. उत्तर इथल्या बंद कापड गिरण्यांच्या जमिनीत आहे. 1991 च्या नियमाने या जमिनींचा साधारण एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 मध्ये सरकारने ‘फक्त रिकामी जमीन मोजा’ अशी दुरुस्ती केली आणि उभ्या शेडखालची सगळी जमीन वाटणीतून सुटून मालकांकडेच राहिली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ही दुरुस्ती टिकली.

उपनगरांत तर माणसं वाढली, असं कुणी म्हणेल. वाढली. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने अंग टाकणारा टॅक्सीवाला टॉवरमधल्या फ्लॅटचं गिऱ्हाईक नसतो. मुंबईत मराठीचा आग्रह रास्तच आहे. ताटातली मासळी पाहून घर नाकारणाऱ्या सोसायट्यांवरचा रागही रास्त आहे. तो त्यांच्याच दारात न्यावा, भेळवाल्याच्या गाडीवर काढू नये. आणि मोर्चा काढायचाच तर गिरणी कामगारांच्या ज्या वारसांना अजून घराची किल्ली मिळालेली नाही, त्यांच्यासाठी मंत्रालयावर काढावा.